'जैविक' वाइन : मळ्यांतलें व्रत आणि पेल्यांतला रस

बाजारांत कांहीं शब्दांचा असा भाग्यकाल येतो कीं, ते ज्या वस्तूवर चिकटवावे ती वस्तु जणूं मंत्रानें निर्दोष होते. 'शुद्ध' या शब्दाला एके काळीं हा मान होता. पुढें तो 'ताजा' या शब्दास मिळाला. आणि हल्लीं तो 'जैविक' या शब्दाकडे आलेला आहे. तूरडाळ जैविक, गूळ जैविक, हळद जैविक. आणि आतां वाइनच्या बाटलीवरही हाच शब्द दिसूं लागला आहे. डाळीगुळाच्या बाबतींत त्यानें फारसा घोटाळा होत नाहीं, कारण त्या वस्तु मुळांतच घरांतल्या रोजच्या अन्नांतल्या. वाइनची गोष्ट तशी नाहीं. परदेशीं नोकरीस असलेला मुलगा सुटींत घरीं येतांना अशी एखादी बाटली घेऊन येतो. ती टेबलावर ठेवली कीं, वडील मंडळींपैकीं एक जण चिठ्ठी वाचून म्हणतात, "जैविक आहे ना? मग औषधच कीं तें!" आणि दुसरे म्हणतात, "विषावर तुळशीपत्र ठेवलें म्हणून तें तीर्थ होतें काय?" दोन्ही उद्गार सुशिक्षित घरांतले आहेत, आणि दोहोंच्या मुळाशीं एकच गैरसमज आहे. जैविक हा शब्द पिणाऱ्याच्या प्रकृतीविषयीं कांहीं तरी सांगतो, असें दोघेही गृहीत धरतात. वास्तविक तो शब्द मळ्याविषयीं बोलतो. पेल्याविषयीं तो जवळजवळ मौनच पाळतो.

या लेखांत मद्यपानाची वकिली करावयाची नाहीं, आणि निषेधाचा डांगोराही पिटावयाचा नाहीं. ज्या घरांत पेला येतच नाहीं तेथें तो यावा, असें आम्ही सुचवीत नाहीं. ज्या घरांत तो येतो तेथें तो समजून उमजून यावा, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

वाइन म्हणजे पिकलेल्या द्राक्षांचा आंबविलेला रस. द्राक्षें ठेचून रस भांड्यांत राहूं दिला म्हणजे किण्वाचे सूक्ष्म जीव त्यांतील साखर खातात, तिचें मद्यार्कांत रूपांतर करितात, आणि कार्बन डायऑक्साइड वायु फेसाबरोबर निघून जातो. तांबडी वाइन सालींसकट आंबवितात. पांढरीसाठीं रस आधीं पिळून घेतात. ब्रँडी-व्हिस्कीप्रमाणें येथें भट्टी लावून अर्क काढावयाचा नसतो. आपल्या पूर्वजांना ही वस्तु अपरिचित नव्हती. कौटिलीय अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाच्या प्रकरणांत द्राक्षरसाच्या मद्याला 'मधु' असें म्हटलें असून, 'कापिशायन' व 'हारहूरक' हीं त्याचीं देशांवरून पडलेलीं नांवें दिलीं आहेत. कापिशी म्हणजे आजच्या काबूलच्या उत्तरेकडील प्रदेश. मद्य कोणत्या मातींतलें हें नांवांतच सांगून टाकण्याची ही रीत आजही चालू आहे. बोर्दो काय किंवा शँपेन काय, हीं मुळांत भूमीचींच नांवें आहेत. ज्या वस्तूची ओळखच मातीवरून होते, तिच्या मातीवर काय काय शिंपडलें हा प्रश्न मग गौण राहत नाहीं.

आणि द्राक्षवेलीवर शिंपडावें फार लागतें. श्रीमंताघरच्या नाजूक प्रकृतीच्या मुलाप्रमाणें ती सदा वैद्याच्या नजरेखालीं असते. जन्मतः मात्र ती अशी नव्हती. युरोपांतील वेलीनें कित्येक शतकें त्या मानानें निरोगी काढलीं. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतून आलेल्या रोगांनीं तिची ही दशा केली. आपल्या नाशिककडील बागाईतदार ज्या रोगाला 'भुरी' म्हणतात तो १८४५ सालीं इंग्लंडांत दिसला आणि लवकरच फ्रान्समध्यें पसरला. त्यावर गंधकाची भुकटी लागू पडली. मग फिलॉक्सेरा नांवाचा, मुळांवर जगणारा बारीक कीटक आला. त्यावर अमेरिकन वेलीच्या मुळावर युरोपीय वेलीचें कलम बांधण्याची युक्ति निघाली. पण एका रोगावर उतारा म्हणून आणविलेल्या त्या अमेरिकन रोपांनीं आपल्याबरोबर दुसरा रोग आणला. पानावर तेलकट पिवळे डाग, खालीं पांढरी लव, आणि मग पान गळून पडणें, असें त्याचें स्वरूप. आपले बागाईतदार त्याला 'केवडा' म्हणतात. फ्रान्समध्यें तो १८७८ सालीं आढळला.

त्यावरचा उपाय सांपडल्याची हकीकत मोठी गमतीची आहे. १८८२ सालच्या शरद् ऋतूंत बोर्दो येथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे हे जवळच्या मेदोक भागांतल्या सँ-जुलियाँ गांवच्या मळ्यांतून चालले होते. आंतल्या बाजूच्या वेलींचीं पानें केवड्यानें झडून गेलेलीं, आणि रस्त्याच्या कडेच्या वेली तेवढ्या हिरव्यागार, असा प्रकार त्यांच्या दृष्टीस पडला. चौकशीअंतीं कळलें तें असें : वाटसरूंनीं द्राक्षें तोडून खाऊं नयेत म्हणून मळेवाल्यांनीं कडेच्या वेलींवर मोरचूद व चुना यांचें निळें पाणी शिंपडलें होतें. चोराला भिवविण्यासाठीं आणलेल्या सोंगानें रोगालाच पळवून लावलें! प्रयोगांनीं खात्री करून घेऊन मिलार्दे यांनीं १८८५ सालीं हें मिश्रण जाहीर केलें. तेंच 'बोर्डो मिश्रण'. आपल्याकडील द्राक्षबागांत व कोंकणांतल्या सुपारीच्या बागांत त्याचें नांव आजही रोजच्या बोलण्यांतलें आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर रसायनशास्त्रानें मळेवाल्याच्या हातीं याहून सोयीचीं शस्त्रें दिलीं. पानांत भिनणारीं, पावसानें न धुपणारीं बुरशीनाशकें आलीं. खुरपणीचे कष्ट वांचविणारीं तणनाशकें आलीं. पोत्यांतून खतें आलीं. पीक वाढलें, चिंता कमी झाली. पण हें सारें फवारणारा जो मनुष्य, त्याच्या नाकातोंडांत काय जातें याचा विचार पुष्कळ दिवस कोणीं केला नाहीं. फ्रान्सच्या सरकारनें २०१२ सालीं कीटकनाशकांशीं संबंध येणाऱ्या शेतकऱ्यांचा पार्किन्सन रोग, म्हणजे कंपवात, हा त्यांच्या धंद्यापासून उद्भवणारा रोग म्हणून मान्य केला. यावरून या प्रश्नाचें गांभीर्य वाचकांच्या लक्षांत येईल.

जैविक शेती म्हणजे या सोयीला जाणून बुजून दिलेला नकार. या नकाराचें एक मूळ आपल्या परिचयाच्या भूमींत आहे. सर अल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ पासून १९३१ पर्यंत होळकरांच्या इंदुरांत 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री' या संस्थेचे प्रमुख होते. काडीकचरा, शेण व माती यांचे थर रचून खत कुजविण्याची जी रीत त्यांनीं तेथें बसविली, ती 'इंदूर पद्धति' या नांवानें जगभर गेली. १९४० सालीं निघालेला त्यांचा 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट' हा ग्रंथ जैविक शेतीच्या आद्य ग्रंथांत मोडतो. आणि आपण येथील शेतकऱ्यांपासून शिकलों, हें हॉवर्ड मोकळ्या मनानें सांगत असत. तेव्हां ही कल्पना केवळ परदेशी टूम आहे असें म्हणून नाक मुरडण्याचें कारण नाहीं.

युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणें द्राक्षमळा जैविक ठरावयास तीन वर्षें जावीं लागतात. त्या अवधींत कृत्रिम कीटकनाशकें, तणनाशकें व रासायनिक खतें वर्ज्य. तपासनीस दरसाल येऊन पाहणार. २०१२ पर्यंत तेथें बाटलीवर 'जैविक द्राक्षांपासून केलेली वाइन' इतकेंच लिहितां येत असे, कारण नियम मळ्याच्या कुंपणापाशींच थांबत. त्या वर्षाच्या १ ऑगस्टपासून मद्यशाळेंतील क्रियांनाही बंधनें लागूं झालीं, आणि 'जैविक वाइन' हे शब्द कायदेशीर झाले.

परंतु नियम वाचून व्रताचें मोल कळत नाहीं. तें मोडण्याचा मोह पडतो तेव्हां कळतें. सँ-जुलियाँच्या शेजारींच पोयाक नांवाचें गांव आहे. तेथें 'शातो पोंते-काने' हा सुमारें ८० हेक्टरांचा, म्हणजे आपल्या हिशेबानें जवळजवळ २०० एकरांचा, नामांकित मळा आहे. १८५५ साली मेदोकच्या वाइनींची जी सुप्रसिद्ध प्रतवारी झाली तींत त्याला पांचव्या श्रेणींत स्थान मिळालें होतें. समुद्र जवळ, हवा दमट, पाऊस केव्हां येईल याचा नेम नाहीं. अशा ठिकाणीं एवढा मोठा मळा जैविक रीतीनें चालविणें वेडेपणाचें, असें तेथील पुष्कळ जाणत्यांचें मत होतें. मालक आल्फ्रेद तेसरों यांनीं २००४ सालीं मळ्याच्या एका भागावर प्रयोग आरंभिला आणि पुढें सर्व मळा त्या मार्गाला लावला.

तीन वर्षांनीं परीक्षेची वेळ आली. २००७ चा उन्हाळा पावसाळी निघाला, केवडा बळावला आणि सर्व पीक हातचें जातें अशी भीति उत्पन्न झाली. तेसरों यांनीं अखेर रासायनिक औषध मारविलें. पीक वांचलें, पण जैविक दाखल्याकडे चाललेली वाटचाल तेथेंच तुटली आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागला. दाखला हातीं आला तो २०१० च्या पिकापासून. पुढें २०१८ सालीं केवडा पुन्हा तितक्याच जोरानें आला. या खेपेस मात्र रासायनिक औषधाला कोणीं हात लावला नाहीं. सुमारें दोनतृतीयांश पीक गेलें. उरलेल्या घडांची जी थोडीशी वाइन झाली तिची जाणकारांनीं वाखाणणी केली. पण दोनतृतीयांश पीक बुडालें तें बुडालेंच. पदरीं पैसा असलेल्या मळेवाल्याला असा घाव सोसतो. दहा एकरांच्या धन्याला तो सोसेलच असें नाहीं. बाटलीच्या चढ्या किंमतींत या जोखमीचाही अंश असतो, हें घेणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें.

हा मळा जैविकाच्याही पलीकडे जाऊन 'बायोडायनॅमिक' पंथाचा आहे. रुडॉल्फ श्टायनर यांनीं १९२४ सालीं दिलेल्या व्याख्यानांतून हा पंथ निघाला. गाईच्या शिंगांत शेण भरून तें हिंवाळाभर जमिनींत पुरावयाचें, मग पाण्यांत घुसळून मळ्यावर शिंपडावयाचें, चंद्राच्या गतीवरून कामांचे दिवस ठरवावयाचे, असे त्याचे आचार आहेत. शिंगांचा व चंद्राचा भाग शास्त्राच्या कसोटीस उतरलेला नाहीं. परंतु हे आचार पाळणारा मनुष्य रोज मळ्यांत हिंडतो, एकेक वेल हातीं घेऊन पाहतो. आणि धन्याच्या नजरेइतकें गुणकारी खत दुसरें नाहीं, हें आपल्याकडील शेतकऱ्यास सांगावयास नको.

आतां या व्रताचीही दुसरी बाजू पाहिली पाहिजे. जैविक मळ्यांत कांहींच शिंपडीत नाहींत, ही समजूत चुकीची आहे. गंधक चालतो आणि मोरचूदही चालतें. तांबें मातींतून नाहींसें होत नाहीं. वर्षानुवर्षें सांचत जातें आणि गांडुळांस व मातींतल्या सूक्ष्म जीवांस अपाय करितें. म्हणून युरोपीय संघानें २०१९ पासून दर हेक्टरीं सात वर्षांत मिळून २८ किलोंची मर्यादा घातली आहे. शिवाय मोरचूद पानाच्या वरच राहतें. जोराचा पाऊस झाला कीं पुन्हा फवारणी, पुन्हा ट्रॅक्टरची फेरी, पुन्हा धूर. यास्तव जैविक मळा म्हणजे ऋष्याश्रम, अशी कल्पना कोणीं करून घेऊं नये. कमी वाईट मार्ग शोधणारा तो एक प्रामाणिक प्रयत्न आहे, आणि तेवढ्यानें त्याची योग्यता कमी होत नाहीं.

मद्यशाळेंत आल्यावर प्रश्न येतो सल्फाइटचा, म्हणजे गंधकाच्या संयुगांचा. रस काळा पडूं नये व तो आंबून शिरका होऊं नये म्हणून तीं घालतात. युक्ति तीच, जी बेदाण्याचा पिवळा रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देणारे वापरतात. साखर जवळजवळ न उरलेल्या तांबड्या वाइनीस युरोपांत साधारणतः दर लिटरला १५० मिलिग्रॅम व पांढरीस २०० मिलिग्रॅम सल्फाइटची मुभा आहे. जैविक वाइनीस तीच अनुक्रमें १०० व १५० ठेविली आहे. अमेरिकेंत 'जैविक वाइन' या नांवाखालीं वरून सल्फाइट घालण्यास मुळींच परवानगी नाहीं. तें घातलें तर 'जैविक द्राक्षांची' एवढेंच लिहावें लागतें. एकच शब्द, पण दोन देशांत दोन अर्थ! किण्व स्वतःही थोडें सल्फाइट उत्पन्न करितें. म्हणून त्याचा लवलेशही नसलेली वाइन सहसा मिळत नाहीं. दम्याच्या कांहीं रोग्यांना सल्फाइटनें खरोखर त्रास होतो आणि त्यांनीं जपलें पाहिजे. पण सकाळच्या डोकेदुखीचा सारा दोष त्याच्यावर टाकणारांनीं इतकें लक्षांत घ्यावें कीं, सुकविलेल्या जर्दाळूंत दर किलोला २००० मिलिग्रॅमपर्यंत सल्फाइट चालतें आणि जर्दाळू खाऊन कोणाचें डोकें दुखल्याचें फारसें ऐकिवांत नाहीं. डोकेदुखीचें मुख्य कारण बहुधा मद्यार्कच असतो.

येथें आम्हांस स्पष्ट बोललें पाहिजे. मद्यार्क जैविक द्राक्षांतून निघाला म्हणून सौम्य होत नाहीं. शेंकडा १३ प्रमाणाच्या वाइनीच्या १५० मिलिलिटरांत सुमारें १५ ग्रॅम मद्यार्क असतो, मग मळ्यांत घोडा चालो वा ट्रॅक्टर. कर्करोगाचें संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें १९८८ सालींच मद्यार्कयुक्त पेयांची गणना निश्चित कर्करोगकारक पदार्थांत केली. आणि जागतिक आरोग्य संघटनेनें जानेवारी २०२३ मध्यें, प्रकृतीस निर्धास्त म्हणतां येईल असें मद्यार्काचें कोणतेंही प्रमाण नाहीं, असें निवेदन काढलें. रोज एक पेला हृदयाला हितकर, हें पुष्कळ वर्षें ऐकूं येणारें वचन आतां तितक्या खात्रीनें कोणी उच्चारीत नाहीं. आपल्या वैद्यकानेंही मद्याकडे डोळेझांक केली नव्हती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत मदात्ययचिकित्सा असा स्वतंत्र अध्यायच आहे. सारांश, 'मग औषधच कीं तें' हें म्हणणें टिकत नाहीं. गर्भवती स्त्रिया, मुलें, यकृताचे रोगी आणि ज्यांना एका पेल्यावर थांबतां येत नाहीं असे सर्व, यांच्यासाठीं जैविक व अजैविक हा भेदच अस्तित्वांत नाहीं.

मग या शब्दाचें पुण्य जातें कोठें? तें जातें मुख्यत्वें मळ्याला : तेथील मातीला, ओढ्याच्या पाण्याला, आणि विशेषतः तेथें राबणाऱ्या माणसाला. पिणाऱ्याच्या वांट्याला त्यांतलें थोडें येतें, आणि तेंही अप्रत्यक्ष. हा हिशेब एकदां नीट समजला म्हणजे वाइनचा आस्वादही निर्मळ मनानें घेतां येतो. औषधाचें ढोंग करावें लागत नाहीं.

आस्वादाची रीत कांहीं गूढ विद्या नाहीं. आमसुलाचा आंबटपणा आणि चिंचेचा आंबटपणा यांतला भेद जिच्या जिभेला कळतो त्या आपल्या गृहिणीला वाइनची परीक्षा शिकावयास एक संध्याकाळ पुरे. पेला तिसरा हिस्साच भरावा, म्हणजे वरच्या मोकळ्या जागेंत गंध सांठतो. पांढऱ्या कापडावर धरून रंग पाहावा. पेला हलकेच फिरवून वास घ्यावा, आणि नंतरच अगदीं लहान घोट घेऊन तो क्षणभर तोंडांत फिरवावा. चार गोष्टींकडे लक्ष असावें : आंबटपणा, गोडी, तुरटपणा आणि मागाहून रेंगाळणारी चव. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी जडावते तसा तरुण तांबड्या वाइनीचा तुरटपणा असतो. वर्षें गेलीं कीं तो निवतो. पोयाककडील वाइनींत काबर्ने सोव्हिन्यों जातीचीं द्राक्षें मुख्य. त्यांत काळ्या फळांचा वास आणि नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीच्या लाकडासारखा गंध मिळतो. जुन्या ग्रंथांत तांबडी वाइन 'खोलीच्या उष्णमानांत' द्यावी असें असतें. ती खोली थंड देशांतल्या दगडी घरांतली, १६ ते १८ अंशांची. आपल्या वैशाखांतल्या माजघराला हा नियम लावूं नये. बाटली अर्धा तास शीतकपाटांत ठेवावी. पांढरी ८ ते १२ अंशांवर बरी लागते. धंदेवाईक परीक्षक तर घोट तोंडांत घोळवून थुंकून टाकतात; यावरूनच आस्वाद व अंमल या दोन वस्तु किती भिन्न आहेत तें दिसतें.

या परीक्षेंत 'जैविक' म्हणून निराळी चव सांपडते काय? अशी चव जिभेला ओळखतां येत नाहीं. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत कॅलिफोर्नियांतील ७४,००० हून अधिक वाइनींचे तज्ज्ञांनीं दिलेले गुण तपासले, तेव्हां जैविक दाखल्याच्या वाइनींना सरासरीनें कांहींसे अधिक गुण मिळाल्याचें दिसलें. पण त्याचें श्रेय दाखल्याला द्यावें कीं दाखला घेण्याइतकी काळजी वाहणाऱ्या मळेवाल्याला द्यावें, हें सांगणें कठिण आहे. आमचा कल दुसऱ्या बाजूकडे आहे. सल्फाइट अजिबात न घातलेल्या बाटल्यांत कधीं अप्रतिम ताजेपणा मिळतो, तर कधीं शिरक्याचा किंवा गोठ्याचा वास. असा वास आला तर 'नैसर्गिक आहे, असेंच असतें' या समर्थनाला भुलूं नये. नासलेलें ताक घरच्या गाईचें असलें तरी नासलेलेंच.

आपल्या नाशिककडे वळलें म्हणजे हा प्रश्न किती बिकट आहे तें अधिकच कळतें. आपल्याकडे वेल वर्षांतून दोनदां छाटतात : एप्रिलच्या सुमारास खरडछाटणी, आणि पावसाळा सरतां सरतां सप्टेंबर-ऑक्टोबरांत फळासाठीं गोडी छाटणी. त्यामुळें फळ हिंवाळ्यांत भरतें आणि जानेवारी ते मार्चमध्यें हातीं येतें. गोडी छाटणीनंतरच्या कोंवळ्या फुटीवर अवकाळी पाऊस पडला कीं केवडा हजर! २०१० सालीं युरोपांत गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधक द्रव्याचे अंश सांपडून माल अडला, तो प्रसंग पुष्कळ बागाईतदार अजून विसरलेले नाहींत. औषध न मारावें तर पीक जातें आणि मारावें तर बाजार जातो, अशा कात्रींत जो उभा राहिला आहे, त्याला पोंते-कानेच्या २००७ सालचा मोह समजावून सांगावा लागणार नाहीं. घरीं बसून त्याला जैविकाचा उपदेश करणें सोपें आहे; त्याच्या मालाला जोखमीच्या मानानें दाम देणें हीच त्या उपदेशाची खरी कसोटी.

तेव्हां बाटली घेण्याचा प्रसंग आलाच तर चिठ्ठीवरच्या ठळक अक्षरांवर न जातां दाखल्याची खूण पाहावी. युरोपीय मालावर हिरव्या चौकटींत ताऱ्यांनीं रेखलेलें पान असतें आणि त्याबरोबर तपासणी करणाऱ्या संस्थेचा सांकेतिक क्रमांक असतो. आपल्या देशांत जैविक खाद्यवस्तूंसाठीं २०१७ च्या नियमांनीं 'जैविक भारत' ही खूण ठरविली होती. 'नैसर्गिक', 'हरित', 'शुद्ध' असल्या शब्दांमागें पुष्कळदां चिठ्ठी छापणाऱ्यावांचून दुसरें कोणी उभें नसतें. बूच काढल्यावर, विशेषतः सल्फाइट कमी असेल तर, बाटली थंड जागीं ठेवून दोनतीन दिवसांत संपवावी. आणि संपवावी म्हणून एकट्यानें पिऊं नये.

ज्यांच्या घरीं बाटली येत नाहीं त्यांनीं हें सारें आपल्या उपयोगाचें नाहीं, असें मानूं नये. फाल्गुनांत नाशिकच्या द्राक्षांची पेटी आपल्या सर्वांच्या घरीं येते. मुलें घडावर तुटून पडण्यापूर्वीं आपण तो धुतों तो मुलांसाठीं. ह्या वर्षीं तो धुतांना, त्या वेलीवर काय शिंपडलें, किती वेळां शिंपडलें आणि शिंपडणाऱ्याच्या तोंडावर फडकें तरी होतें कीं नाहीं, एवढें फळवाल्यास विचारून पाहावें. त्याला उत्तर ठाऊक नसेल. परंतु दहा घरांतून तोच प्रश्न आला, तर अकराव्या वेळीं तो अडत्यास विचारील, आणि अडत्या बागाईतदारास.